पांगाऱ्याचा बिंडा

“...मग यात माझं काय चुकलं, ते तरी सांगा बाबा.”

घार्गे सर दस्तगीरबाबांना विचारत होते. दर्ग्यामागच्या विहिरीच्या काठावर, लिंबाच्या सावलीत बसून ते कोयत्यानं लाकूड तासत होते.

“बाबा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“आयकतोय की. हात कामाला लागल्यात, कान मोकळंच हायेत.”

लाकूड पांगाऱ्याचं होतं. अगदी हलकं. त्याचा ओंडका, म्हणजे बिंडा, पाठीला बांधून आमच्या माणदेशात पोरं पोहायला शिकतात. पिराच्या टेकडीवरची ही विहीर, पाणी मचूळ असलं तरी, उन्हाळ्यातही आटत नाही, आणि बाबांनी तिच्यात गावाच्या तीन पिढ्या ढकलल्या आहेत. पाटलाचा नातू असो की मोळीवालीचा पोरगा, धक्का एकच. बाबा दर्ग्याचे मुजावर. फकीर माणूस, मागेपुढे कोणी नाही. पण त्यांचा शब्द गावात खाली पडत नाही, आणि म्हणूनच घार्गे सर आज टेकडी चढून आले होते; सोबत मीही.

घार्गे सर म्हणजे तालुक्याचं दैवत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांच्या अभ्यासिकेतून मेंढपाळाचा पोरगा तहसीलदार झाला, ऊसतोड मजुराची लेक फौजदार झाली. पहाटे स्वतः मैदानावर उभे राहून ते पोरांना पळवतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन उभे राहतात, बाप प्यायलेला असेल तर आधी बापाला झापतात, मग पोराला गाडीवर घालून आणतात. असा माणूस गावाला मिळायला नशीब लागतं.

फक्त एक होतं. पोरानं कोणती परीक्षा द्यायची ते सर ठरवत. कोणतं पुस्तक वाचायचं, कोणतं नाही, मुलाखतीला कुठला शर्ट घालायचा, तेही सरच. पोरांची तक्रार नव्हती. विचार करायचा त्रासच नाही म्हटल्यावर कोण तक्रार करतो?

तक्रार एकीचीच होती. तीही तक्रार नव्हे, विनंती.

ती विहिरीच्या वरच्या पायरीवर उभी होती. रेश्मा खरात. मेंढरं राखणाऱ्या घरातली, बी. एस्सी. झालेली. फौजदारकीची लेखी परीक्षा झाली, मैदानी झाली, आता फक्त मुलाखत राहिली होती. यंदाच्या फ्लेक्सवर सरांनी तिच्या फोटोसाठी मधली जागा ठेवलीसुद्धा होती.

आणि ही पोरगी म्हणत होती, मला समुद्र शिकायचाय.

केरळात, समुद्रकाठच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. होकार उद्या दुपारपर्यंत कळवायचा होता. तिनं सरांना एवढंच सांगितलं होतं, “तुम्ही हो म्हणालात तरच जाईन. नाही म्हणालात तर मुलाखत देईन, मन लावून देईन.”

सर चार दिवस जेवले नव्हते नीट.

“हातातोंडाशी आलेला घास आहे, बाबा,” ते म्हणाले. “माझं जाऊ द्या, हिच्या बापाकडं बघा. आयुष्यभर कुत्र्यासारखं हुसकलंय लोकांनी त्याला शिवारातनं. लेक वर्दी घालून दारात आली तर...”

 ते खरंच कळवळून बोलत होते.

“तुमचं ऐकेल ती. एक शब्द टाका.”

बाबांनी कोयता थांबवला. रेश्माकडे बघितलं.

“समिंदर बघितलास का गं?”

“न्हाई बाबा. फोनवर बघितलाय.”

“पवायला येतं?”

रेश्मा हसली. “तुम्हीच शिकवलंय की.”

“मग कशापायी जायचं म्हंतीस तिकडं?”

तिनं आभाळाकडं बघितलं. मग म्हणाली, “पाऊस तिकडनं निघतो म्हणत्यात, बाबा. कसा निघतो, आन् आमच्याकडं येता येता कुठं अडतो... ते बघायचंय.”

 प्यायच्या पाण्याला टँकर लागतो अशा गावची पोरगी हे बोलत होती. मला तिचं तेव्हाही कौतुक वाटलं, आजही वाटतं.

सरांनाही वाटलं असावं. पण कौतुक वाटलं म्हणून काळजी थोडीच जाते.

“हुशार आहे, बाबा. त्यात वाद नाही. जमेलही तिला. पण काळजी नको का करायला? परका मुलुख, परकी भाषा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, आणि तिथं नाही जमलं तर? आजवर माझ्या हातचं एक पोरगं मी बुडू दिलं नाही.”

“मीबी न्हाई,” बाबा म्हणाले.

आणि हातातला कोयता त्यांनी सरळ विहिरीत टाकला.

डुबुक्.

“अहो बाबा!”

“पडला.” बाबांनी मान हलवली. “एकच हुता. काढा बरं मास्तर.”

“पडला कुठं, तुम्ही टाकला!”

“मग टाकला. म्हातारा मानूस मी, गुडघं धरल्यात. काढताय न्हवं?”

सर चिडले, पण करतात काय. ज्या म्हाताऱ्यानं लहानपणी ‘भाल्या’ म्हणत पाण्यात उभं राहायला शिकवलं त्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी घड्याळ काढून रेश्माच्या हातात दिलं, शर्ट लिंबाला अडकवला, आणि बनियन-पँटवर पायऱ्या उतरू लागले. मैदानावर पोरांना पळवणाऱ्या सरांचं पोट बरंच पुढे आलेलं आहे, हे त्या दिवशी विहिरीला कळलं.

“थांबा मास्तर.”

बाबांनी झाडामागून एक नवा बिंडा ओढून काढला. दीड हात लांब, मांडीएवढा जाड. अजून कोयताही न लागलेला.

“ह्यो बांधा पाठीला.”

“मला पोहता येतं, बाबा.”

“येतं की. मीच शिकवलंय. पर किती वरसं पाण्यात उतरला न्हाईसा तुमी? काळजी नगं का करायला?”

सरांनी पाठ पुढं केली. बाबांनी दोरी दोनदा फिरवली आणि पाठीवर गच्च गाठ मारली.

सरांनी उडी घेतली. क्षणभर पाण्याखाली गेले आणि बुचासारखे वर आले.

पुन्हा प्रयत्न केला. डोकं खाली, पाय वर... पाठ काही बुडेना. हात मारले, पाणी उडवलं, दम लागला. कोयता खाली तळाला स्वच्छ दिसत होता. पाणी दोन पुरुषच होतं.

“दिसतोय का?” वरून बाबांनी विचारलं.

“दिसतोय.”

“मग घ्या की.”

सरांनी आणखी एकदा जोर लावला. बिंड्यानं त्यांना मायेनं वर आणून सोडलं.

“बाबा, हा सोडा आधी!” सर ओरडले. “हा पाठीला असताना तळ कसा गाठणार?”

विहिरीत मोठ्यानं बोललेलं माणसाला परत ऐकू येतं. सरांनाही आलं.

त्यांनी हात मारायचं थांबवलं.

मग त्यांनी पाण्यात तरंगतच गाठीला हात घालून बघितला. गाठ मधोमध पाठीवर होती. ज्याच्या पाठीला बिंडा असतो, त्याचा हात तिथवर पोचत नाही.

बाबा जागचे हलले नाहीत.

रेश्मानं सरांचं घड्याळ पदरात... पदर कुठला, ओढणीच्या टोकात बांधलं आणि ती पायऱ्या उतरून पाण्याशी आली. सर पायरीला धरून पाठमोरे उभे राहिले. ओली गाठ घट्ट बसली होती. तिला बराच वेळ लागला. 

बिंडा सुटला.

सरांनी श्वास भरला आणि बुडी मारली. पाणी हललं, मग शांत झालं. रेश्मा वाकून बघत राहिली, आणि मी खोटं कशाला सांगू, बाबाही काठावर येऊन वाकले होते. गुडघे धरलेले असूनसुद्धा.

सर वर आले तेव्हा हातात कोयता होता, आणि तोंडावर शाळेतल्या पोराचं हसू.

ते निथळत पायरीवर बसले. 

“बाबा, माझा बिंडा तुम्ही कुठल्या दिवशी सोडलात? मला आठवतच नाही. मी तर भित्रा होतो.”

“लई भित्रा. बोंबलून गाव गोळा करायचास.”

“मग सोडलात कसा?”

“सोडला कुठं? तू घरी गेलास की रोज कोयत्यानं एक ढलपी काढायची. दुसऱ्या दिशी पुन्यांदा बांधायचा. तुला काय, पाठीला हाय म्हनून तू खुशाल.”

सर वळून बघू लागले.

“शेवटल्या दिशी तुझ्या पाठीला काय हुतं, ठावं हाय?”

“काय?”

“दोरी.”

...

“आणि मी बुडलो असतो म्हणजे?”

“मी काय घरी गेलो हुतो व्हय?”

सरांनी ओल्या हातानंच डोळे पुसले. पाणी विहिरीचं होतं की आणखी कुठलं, ते मी विचारलं नाही.

मग ते उठले, रेश्मासमोर हात पुढे केला. तिनं ओढणीची गाठ सोडून घड्याळ दिलं.

“उद्या दुपारपर्यंत सांगायचंय ना?”

“हो सर.”

“उद्या कशाला? आत्ता सांग. इथं रेंज येते का?”

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पाया पडायला वाकली. सरांनी तिला मधेच धरलं.

“ते नंतर. आधी रेंज बघ. वर दर्ग्याच्या चबुतऱ्यावर येत असेल... आणि ऐक. नाही जमलं तर लाजू नको. मी इथंच आहे. काय?”

 तिनं मान हलवली आणि ती चपला विसरून चबुतऱ्याकडे पळाली. मैदानी परीक्षेतसुद्धा इतकी पळाली नसेल.

सर तिच्याकडे बघत उभे राहिले. अंगातून पाणी गळत होतं, आणि तोंड अभिमानानं फुललं होतं. फ्लेक्सवरची मधली जागा मोकळी राहणार होती, पण त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

हळूहळू ते हसू मावळलं.

“बाबा...”

“आं?”

“ही निघाली. हिला निदान मागायचं तरी सुचलं. पण खाली अभ्यासिकेत हॉल भरून पोरं बसलीत. मी सांगेन ते लिहितात, मी दाखवीन तिकडं पळतात. मी उद्या नसलो तर सकाळी उठून काय करायचं, हेही त्यांना ठाऊक नाही. मीच तसं केलंय... त्यांचं काय करू मी?”

बाबांनी सरांच्या पाठीवरून सुटलेला तो जाड बिंडा उचलला, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मग त्यांच्याच हातातला ओला कोयता नीट वळवून त्यांच्या मुठीत दिला.

“धर, भाल्या. लई जाड हाय ह्यो.”