अडुळसा गोड झाला तेव्हा

झाडं अजून एकमेकांच्या घरात डोकावत होती, त्या काळची गोष्ट. एका परसाच्या कुंपणाला अडुळसा होता. शिकलेली माणसं ज्याला अल्कलॉइड म्हणतात, ते कडू औषध त्याच्या पानापानांत भरलेलं. चंद्री शेळी रोज एक पान तोंडात घ्यायची आणि थुंकायची. "शी! भावोजी, जरा गोड व्हा की!"

बिचाऱ्याच्या मनाला लागलं. शेजारच्या सदाफुलीने समजावलं, "शेळीच्या आवडीचं होऊन कुणाचं भलं झालंय? त्या मेथीला विचारा."

पण विचारायला मेथी उरली होती कुठे!

अडुळशाने हट्टाने सगळा कडूपणा मुळांवाटे मातीत सोडून दिला. दुसऱ्या दिवशी चंद्रीने पान चाखलं. "अगंबाई, भावोजी, किती गोड झालात!" असं कौतुक करता करता तिने त्याला बुंध्यापर्यंत साफ केलं.

थंडी पडली तसा चंद्रीला खोकला लागला. खोकत खोकत ती कुंपणाशी आली. "भावोजी, ते जुनं कडू पान आहे का हो एखादं?"

"होती की पुष्कळ. तुम्हीच नावं ठेवलीत, वहिनी."

तरी त्याला दया आली. मातीत सोडलेला कडूपणा मुळांनी परत ओढून घेत त्याने बुंध्याशी उरलेल्या एकुलत्या एका कोंबाला पान फोडलं, पहिल्यापेक्षाही कडू. चंद्रीने तोंड वेडंवाकडं केलं, पण या खेपेला थुंकली नाही. खोकला थांबला.

तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, "आमचे भावोजी म्हणजे देवमाणूस!" सांगते मात्र कुंपणापासून चार हात लांब उभी राहून.