डोंगरमाथ्यावरची प्रार्थना

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात शांतवन नावाचा एक सुतार राहायचा. हात कसबी, गळा गोड. चर्चमध्ये गीत सुरू झालं की सगळ्यांच्या वर त्याचाच आवाज चढायचा.

गावाची एक रीत होती. नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेत ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवापुढे आपला संकल्प सांगायचा. कुणी म्हणायचं, तंबाखू सोडेन. कुणी म्हणायचं, सासूशी गोड बोलेन. शांतवनला हे फार किरकोळ वाटायचं. त्या वर्षी तो उठला आणि म्हणाला, की मी वर्षभर रोज सूर्य उगवायच्या आत डोंगरमाथ्यावर जाऊन प्रार्थना करीन. लोक माना वळवून बघू लागले. पाळकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी शांतवनचे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. गाव संपतं तिथे हन्नामावशीचं खोपटं होतं. म्हातारी एकटीच, डोळ्यांनी अधू. शेळी सोडायला म्हणून ती बाहेर आली होती आणि दवाने ओल्या झालेल्या पायरीवरून घसरून पडली होती. पावलांची चाहूल लागताच तिने हाक मारली, “कोण जातंय? जरा हात दे रे बाबा.”

शांतवन थबकला. पूर्वेकडे उजळू लागलं होतं. थांबलो तर पहिल्याच दिवशी संकल्प मोडणार, मग लोक काय म्हणतील? येताना बघू, असं त्याने मनाला समजावलं. आवाज ओळखेल म्हणून तो बोलला नाही. त्याने वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, चोरपावलांनी पुढे गेला.

माथ्यावर त्याने गुडघे टेकले. पण ‘देवा’ म्हटल्यावर पुढचा शब्दच सुचेना. सूर्य वर आला तरी सुचला नाही.

तो खाली उतरला तेव्हा मावशी तिथेच होती. घोटा सुजला होता, अंग थंडीने थरथरत होतं. “मावशी, मी शांतवन,” म्हणत त्याने तिला उचलून आत नेलं, घोंगडी पांघरली आणि चूल पेटवायला बसला.

“देवानेच धाडलं तुला, शांतवन,” ती म्हणाली. “मघाशी एक वाटसरू गेला. मी हाक मारली, पण बहिरा असावा बिचारा. मग पडल्या पडल्या त्याच्यासाठी प्रार्थना केली. म्हटलं, देवा, त्याला ऐकू येऊ दे.”

शांतवनच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. तिला दिसत नव्हतं, तरी त्याला तिच्याकडे तोंड करवेना. गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं.

“मावशी,” तो म्हणाला, “तो बहिरा नव्हता. तो मीच होतो.”

 मावशीने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “पाणी तापव,” ती म्हणाली. “पाय शेकायला हवा.”

रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तिचा पाय शेकताना त्याचे डोळे वाहत होते.

रविवारी तो चर्चमध्ये पुन्हा उभा राहिला. घडलं ते सगळं त्याने सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाला, “आता माझा एकच संकल्प. कुणी हाक मारली तर थांबेन.” या वेळी पाठ कुणी थोपटली नाही. तो मान खाली घालून बसला.

त्या वर्षी शांतवन माथ्यावर फार कमी वेळा पोहोचला. पण जेव्हा जेव्हा गुडघे टेकले, तेव्हा त्याला शब्द सुचले.

तात्पर्य इतकंच: शेजाऱ्याची हाक टाळून केलेली प्रार्थना देवापर्यंत पोहोचत नाही. संकल्प लहान असावा, पण तो दुसऱ्याच्या कामी यावा.