रावराण्यांचं न डोकावणं

कुडाळात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या रावराण्यांनी ग्राहक मेळाव्यात माइकवरून छातीठोक सांगितलं, "ग्राहक काय पाठवतो, काय उतरवतो, त्यात आम्ही कधीच डोकावत नाही."

टाळ्या थांबताच हेमांगी धुरी उठली. तिच्या दशावतारी मंडळातले नट गावोगाव विखुरलेले. जुन्या नाटकांची चित्रणं ते एकमेकांच्या संगणकांवरून उतरवून तालीम करत. जत्रा तोंडावर आली होती आणि चित्रणं काही उतरत नव्हती.

"साहेब, बाकी सगळं धावतं. अशा वाटपाच्या फाइलीच तेवढ्या रखडतात."

रावराणे हसले. "बाई, असं वाटप करणारे चोरीचे सिनेमे उतरवतात. त्यांचा वेग आम्ही मुद्दाम कमी करतो."

"माझ्या फाइलीत सिनेमा आहे, हे तुम्ही पाहिलंत?"

"छे, आम्ही डोकावत नाही."

"डोकावला असाल तर मघाचं भाषण खोटं, आणि न डोकावता चोर म्हणालात तर आळ खोटा. दोन्हींतलं खोटं कुठलं, तेवढं माइकवर सांगा."

मांडव खदखदून हसला. रावराण्यांनी आधी माइक बंद केला, मग ऑफिसला फोन लावला.

संध्याकाळच्या तालमीला अख्खं नाटक उतरलेलं होतं.