आपोआप मिटणारं दार

फार जुनी नाही ही गोष्ट. फार जुन्या गोष्टींत लेझर नसतो. एका घरात एक दार होतं. अर्धवट उघडं राहून अंगणातली बकुळ बघत बसावं, एवढीच त्याला ओढ होती. पण कुणी उघडून गेलं, की ते आपोआप मिटायचं.

"तुझा स्वभावच तसला," चौकटआजी म्हणायची. "मी बघ, साठ वर्षं सरळ उभी आहे."

दाराला ते खरंच वाटायचं.

एकदा किशाबा मिस्त्री फडताळ ठोकायला आला. त्यानं लेझर लावला आणि चौकटीच्या कडेला ओळंब्यासारखी सरळ, हिरवी रेघ पडली. खाली ती चौकटीला टेकली होती. वर मात्र दोन बोटांचं अंतर होतं.

"आजी, कलली आहेस तू!" दार ओरडलं.

"कालचं कार्टं तो लेझर! त्याचं काय ऐकायचं?"

मिस्त्रीनं भिंतीवर पेन्सिलीनं ती रेघ आखून ठेवली आणि घरच्या बाईंना विचारलं, "वहिनी, चौकट काढून ओळंब्यात बसवू? मग दार उघडं राहील."

"नको हो, सासऱ्यांच्या हातची आहे. कुरकुरतं ते दार, त्यालाच तेल घाला."

तेल घातल्यावर दार आणखी झटकन मिटू लागलं.

"झालं समाधान?" आजीनं विचारलं.

पूर्वी मिटताना दार मान खाली घालायचं. आता आधी पेन्सिलीच्या रेघेकडे बघतं, मग बकुळीकडे, आणि मनाशी म्हणतं, 'दोनच बोटं.'