मामांनी मैदान राखलं

एका यंत्रमागाच्या गावात एक भोळे मामा होते. ते अंगणवाडीत पाणी भरायचे, खिचडी शिजवायचे. तिथे मुलं होती, पण आवाज नव्हता. मी तिथे नवी ताई म्हणून आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला तेच खटकलं. एवढीएवढी पोरं मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली. एकीच्या हातून पाटी पडली. मी दचकले, ती माझ्याहून जास्त दचकली. तिचं नाव गोदी.

"मामा, ही अशी का बसलीत?"

"बाप निजल्यात, ताई. रातपाळी."

वस्तीतले बाप रात्रभर माग चालवायचे आणि दिवसा झोपायचे. घरं एका खोलीची. त्यामुळे पोरं जन्मापासून एकच विद्या शिकली होती, न हलण्याची. गोदीला पाचवं लागलं होतं, तरी एका पायावर उभं राहता येत नव्हतं. समोर कितीही चिंचोके ठेवा, ती म्हणायची, "दोन."

मी नुकतीच प्रशिक्षण घेऊन आले होते. लहान मुलांना बसवून ठेवू नये, हातपाय चालले की डोकं चालतं, हे आम्हाला गार हवेच्या हॉलमध्ये आठवडाभर खुर्चीत बसवून शिकवलं होतं.

अंगणवाडीमागे मोकळी जागा होती. ती मागांच्या मालकाला, शेठना, टेम्पो लावायला हवी होती. शनिवारी पर्यवेक्षिका बाई येणार होत्या. मुलं खेळताना दिसली तर जागा मुलांची, नाहीतर टेम्पोची. मला आधीच रात्रीची झोप येईना.

मी म्हटलं, "मामा, मुलांना मैदानात चार फेऱ्या मारून आणा."

मामांनी आणल्या. एकेकाला खांद्यावर घेऊन. पोरं ताजी, मामा घामाघूम.

"अहो, तुम्ही नाही! त्यांचं त्यांनी करायचं. आपण हात लावायचा नाही, नुसतं बघायचं."

"लक्षात ठिवतो, ताई."

दुसऱ्या दिवशी शेळी आत शिरली आणि खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं. मामा हात मागे बांधून शेजारी उभे.

"मामा, हाकला की तिला!"

"तिचं ती करतीया, ताई. हात न्हाई लावला."

"अहो, कुणी धावत दाराकडे आलं की आधी दार लावायचं! कडी घालायची!"

"लक्षात ठिवतो."

तिसऱ्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला गेले. मुलं खेळून धावत दाराकडे आली. मामांनी दार लावलं, कडी घातली.

मी परतले तेव्हा पोरं दुपारपर्यंत उन्हातान्हात उंडारून लालबुंद झाली होती. मी मामांवर ओरडणार, तेवढ्यात गोदी पायरीवरून उडी मारून म्हणाली, "पाच!" परत चढली, परत उडी. "सहा!" पुढच्या उड्या मी तिच्याबरोबर मोजून बघितल्या. बरोबर होतं. मी ओरडायचं विसरले.

पण बाप जागे झाले होते. गोदीचा बाप लाल डोळ्यांनी दारात आला. "ताई, तुमच्या खेळापायी आमची झोप गेली. उद्या पोरगी घरीच ऱ्हाईल."

मी मामांना म्हटलं, "घरोघर जा आणि गोड बोलून सांगा, तुमची झोप मोडणार नाही."

मामा दुसऱ्या दिवशी भर सकाळी गेले. प्रत्येक दार ठोठावलं, प्रत्येकाला हलवून जागं केलं.

"काय झालं मामा? कुणाला काय झालं?"

"काय न्हाई. तुमची झोप मोडनार न्हाई, असं ताईंनी सांगितलंय. निजा."

मी अक्षरशः हात जोडले. "मामा, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही. आवाजसुद्धा करायचा नाही."

"आता पक्कं लक्षात ठिवतो."

बापांना मी स्वतः जाऊन समजावलं. गोदीचा बाप म्हणाला, "शनवारपातूर बघतो."

शनिवारी पोरं मैदानात उड्या मारत होती. मी चेंडू आणायला आत गेले. तेवढ्यात शेळी धावत आली. मामांनी दार लावलं, कडी घातली.

"मामा, मी आत आहे!"

"व्हय ताई. पर शेळी भायेर हाय."

मी दार बडवलं. बाहेर गोदी मोजत होती. सहा, सात, आठ... आणि एकदम थांबली. मग सगळंच शांत. पहिल्या दिवसासारखं. मग हॉर्न वाजला आणि मी दचकले. मग काहीतरी घरघरत आलं आणि बंद पडलं.

"मामा! अहो मामा! कुणी आहे का?"

किती तरी वेळाने दाराच्या फटीतून कुणीतरी ओ दिली. अगदी कुजबुजत.

"हळू, ताई. बाई निजल्यात."

"काय?"

"लवकर आल्या. लिंबाखाली खुर्ची दिली, तर डोळाच लागला. झोपलेल्याला उठवायचं न्हाई, तुमीच म्हनला न्हवं? म्हनून पोरं घरला धाडली."

"आणि तो हॉर्न?"

"शेठचा टेम्पो. फाटकात वाजवत हुता मेला. बाई जाग्या व्हतील की! म्हनलं, बाबा, वाजवू नगंस. ये, गुमान मैदानात लाव."