सड्यावरचं वेटोळं

माणसं डोंगरमाथ्यावरचा सपाट सडा सोडून खाली वस्तीला गेली, त्याच्याही कितीतरी नंतरची ही गोष्ट. सड्याच्या कातळावर त्यांनी कोरलेलं एक मोठं वेटोळं तेवढं मागे राहिलं होतं. त्यावर पाय ठेवायचा नाही, भोवतीने प्रदक्षिणा घालायची, असा घोरपडआत्याचा दंडक होता.

त्या वर्षी फाल्गुनातच डबकी आटली. आत्याने सगळ्या प्राण्यांना सडा सोडायला सांगितलं. पण साळू साळिंदर पोटुशी होती. तिला डोंगर उतरणं झेपणार नव्हतं.

तेवढ्यात परदेशी निघालेला परीट पक्षी तिथे टेकला. म्हणाला, “असलंच वेटोळं मी तीन देशांत पाहिलंय. दोन ठिकाणी त्याच्या मधोमध झरा होता.”

“आणि तिसरीकडे?” साळूने विचारलं.

“नुसता दगड.”

“झालं!” आत्या फिसकारली. “पाखराच्या गप्पा ऐकून देव उकरणार का गं?”

“देव असेल तर रागावेल, पाणी असेल तर लागेल. उकरल्याशिवाय कळणार कसं?”

साळू वेटोळ्याच्या मध्यावरचं मातीने बुजलेलं भोक उकरू लागली. तिची नखं मोडली. दुपार कलली तेव्हा माती ओली लागली आणि पाठोपाठ पाणी झिरपलं.

सगळे धावले, सगळ्यांत पुढे आत्या. पोटभर पिऊन ती म्हणाली, “आपल्या सड्यावरच्या जुन्या माणसांना हे सगळं ठाऊक होतंच!”

“होतं ना, आत्याबाई,” साळू म्हणाली. “म्हणून तर त्यांनी खूण करून ठेवली. प्रदक्षिणा घालायला नव्हे.”