पाठीची माती

"पण जिंकलो ना मी, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून ते तांबड्या मातीत ताक कालवत होते.

"मग माझ्याशी कुणी खेळत का न्हाई?"

हिंदुरावाचं म्हणणं खोटं नव्हतं. जत्रेतून फेटा बांधून आला, तेव्हापासून तालमीत त्याच्या हाताला कुणी हात देईना. तो आत शिरला की पोरं अंगाची माती झाडून विहिरीवर जायची. भांडण नाही, शिवी नाही. नुसती उठून जायची.

हा गडी आपला एकटाच खांबाशी झटायचा. खांब काही उलटा डाव टाकत नाही. आणि जोड नसलेला पहिलवान म्हणजे काय, खाऊन माजलेला रेडा.

झालं होतं ते अख्ख्या जत्रेनं पाहिलं होतं. समोरचा बाळगोंडा, दुसऱ्या तालमीचा गडी, चीत झाला. पंचानं कुस्ती सोडवली. त्यानंतर या शहाण्यानं हातात आलेला त्याचा हात पिळला. हाडाचा आवाज हलगीच्या वरनं ऐकू आला.

या तालमीची एक रीत आहे. पडलेल्याला पाडणाऱ्यानंच उठवायचं. त्याच्या पाठीची माती आपल्या तळहातानं पुसायची. मग फेटा.

हिंदुराव सरळ लोकांच्या खांद्यावर चढला. बाळगोंडाला त्याच्या बापानं तसाच, मातीनं भरलेला, टेंपोत घातला.

"त्यानं आधी डिवचलं मला," हिंदुराव म्हणाला.

"काय म्हणाला?"

हिंदुराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"बोल की. तोंडात काय गूळ धरलायस?"

"म्हणाला... तुझ्या म्हाताऱ्या वस्तादाला आता डाव आठवत न्हाईत."

वस्ताद पहिल्यांदाच हसले. दात दोनच उरले होते, तेही दिसले.

"खरंच आठवत न्हाईत, लेका."

ज्याच्यापायी एवढं केलं, तोच हसत होता.

"तुम्ही पोरांना सांगा, वस्ताद. तुमचं ऐकतील. असं एकट्यानं... न्हाई व्हायचं मला."

वस्तादांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. मातीला हात लावून कपाळाला लावला. हौद्यात उतरले.

"धर."

हिंदुरावानं तो पुढं आलेला हात पाहिला. बरेच दिवस झाले होते कुणाचा हात हातात येऊन. त्यानं घाईनं धरला. धरला तेवढ्यात वस्तादांनी गुडघे सोडले आणि सरळ पाठीवर पडले.

"पडलो."

हिंदुराव इकडंतिकडं बघायला लागला. खांदे नव्हते, हलगी नव्हती. विहिरीवरनं पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता, तोही लांबून.

म्हातारा डोळे मिटून पडून राहिला.

"उठा की, वस्ताद."

शेवटी तो वाकला. काखेत हात घालून त्यानं म्हाताऱ्याला बसतं केलं. मागं गुडघे टेकले आणि तळहातानं पाठ पुसायला लागला. केवढीशी पाठ ती. कातडं सैल, मणका न् मणका हाताला लागत होता. हिंदुरावाचा हात आपोआप हलका झाला.

"झाली."

"न्हाई. अजून हाय."

त्यानं पंचा ओला करून आणला. मानेपासून कमरेपर्यंत पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"अजून हाय."

"आता कणभर न्हाई, वस्ताद. देवाशप्पथ."

वस्ताद उठले. सदरा घातला, गुंड्या लावल्या. ताकाचं मडकं काखोटीला मारून दारापर्यंत गेले, तिथं थांबले.

"माझ्या पाठीची न्हवं. बाळगोंडाच्या."